भाकरीचा खमंगपणा आणि सूक्ष्मलहरी

गोदावरीकाठच्या आपल्या मंचेरियलमध्ये तेलुगू शेजारी जिला जोन्न रोट्टे म्हणतात आणि या अंकाच्या कन्नड विभागाचे वाचक जिला जोळद रोट्टी म्हणतील, ती आपली ज्वारीची भाकरी. ती तव्यावर भाजली की खमंग लागते. मायक्रोवेव्ह भट्टीत ठेवली तर शिजते, पण फिकीच राहते. असे का होते, ते पाहू.

प्रथम तव्याचा विचार करू. ज्वारीत गव्हासारखे ग्लुटेन नसते. म्हणून पीठ गरम पाण्यात मळतात. त्यामुळे काही स्टार्च फुगून चिकट होतो व भाकरी थापता येते. तव्यावर टाकल्यावर वरून पाणी फिरवतात, म्हणजे ती बाजू लवकर कोरडी पडून तडकत नाही. पुढे आतल्या वाफेने भाकरी फुगते व पापुद्रा सुटतो. पृष्ठभागावरचे पाणी उडून गेले की तेथील तापमान १०० अंश सेल्सिअसच्या वर जाते. सुमारे १४० अंशांपुढे साखरेचे व प्रथिनांतील अमिनो आम्लांचे रेणू झपाट्याने संयोग पावतात. त्यातून तपकिरी रंग व सुगंधी द्रव्ये निर्माण होतात. फ्रेंच शास्त्रज्ञ लुई माय्यार यांनी ही क्रिया १९१२ मध्ये वर्णिली.

आता सूक्ष्मलहरी. घरगुती भट्टीतील लहरींचे विद्युतक्षेत्र सेकंदाला सुमारे २४५ कोटी वेळा आंदोलते. पाण्याचे रेणू त्याच्याबरोबर वळू पाहतात आणि या हालचालीतून उष्णता उपजते. लहरी पदार्थात काही सेंटिमीटरपर्यंतच शिरतात. पदार्थ अगदी मध्यापासून तापतो हा समज बरोबर नाही. भट्टीतील हवा मात्र थंडच असते. आतली वाफ बाहेर येऊन पृष्ठभाग ओला ठेवते. पाणी असेपर्यंत तापमान १०० अंशांच्या फारसे वर जात नाही. स्टार्च शिजण्यास सुमारे ७० अंश पुरतात; माय्यार क्रियेला मात्र वावच मिळत नाही.

शिळ्या पावाचेही असेच. शिळेपणी स्टार्चचे रेणू पुन्हा रांगेत बसून घट्ट होतात. भट्टीत तापताच ही रचना मोडते व पाव मऊ होतो. परंतु जास्त वेळ ठेवल्यास पाणी निघून जाते आणि निवताच तो चामड्यासारखा चिवट बनतो.

मग खरपूस तेवढे चांगले, असे समजावे काय? नाही. माय्यार क्रियेत लायसिन हे आवश्यक अमिनो आम्ल खर्ची पडते. धान्यांत ते मुळातच कमी आणि ज्वारीत तर फारच थोडे. शिवाय फार तापलेल्या पिष्टमय पदार्थांत ॲक्रिलामाइड हे घातक द्रव्य तयार होते, हे स्वीडनमधील संशोधकांनी २००२ मध्ये जाहीर केले. म्हणून भाकरी तांबूस ठिपके पडेपर्यंत भाजावी, करपवू नये. डाळीत लायसिन भरपूर असते; तेव्हा भाकरीबरोबर वरण किंवा पिठले असावे.

तात्पर्य, भाजण्यासाठी तवा आणि ऊन करण्यासाठी सूक्ष्मलहरी. शिळी भाकरी किंवा पाव ओलसर फडक्यात गुंडाळून थोडे सेकंदच भट्टीत ठेवावा आणि गरम असतानाच खावा.