वेगाचं गणित : मारिस वेर्पाकोव्स्किस नावाच्या स्ट्रायकरचा अभ्यास

आमच्या हॉस्टेलमध्ये फुटबॉलवरून भांडणं होतात ती साधारणपणे दोन-तीन मोठ्या क्लबांवरून आणि दोन-तीन मोठ्या नावांवरून. गेल्या सेमिस्टरमध्ये मात्र माझं आणि माझ्या रूममेटचं चक्क आठ दिवस भांडण चाललं ते एका लात्व्हियन माणसावरून. निमित्त झालं एका जुन्या मॅचच्या क्लिपचं. युरो २००४, चेक रिपब्लिक विरुद्ध लात्व्हिया. हाफटाइम व्हायच्या बेतात असताना लात्व्हियाचा एक खेळाडू गोल करतो आणि नेडवेड, कोलर, बारोश, रोझिट्स्की असल्या दादा लोकांची टीम मागे पडते.

"कोण गं हा?" मी विचारलं. रूममेट कोल्हापूरची. तालमींच्या मॅचेस शाहू स्टेडियमवर बघत मोठी झालेली, त्यामुळे फुटबॉलच्या बाबतीत तिचा शब्द शेवटचा असतो (असं तिचं मत). तिने शोधाशोध केली आणि निकाल देऊन टाकला, "मी सांगतो ऐक. युरोत एक गोल मारला, मोठ्या क्लबात गेला आणि तिथं बसला. मग नुसता लोनवर फिरला. फेल केस हाय ही."

मला हे पटेना. त्याला वैयक्तिक कारणही होतं, ते पुढे येईल. म्हणून मी ठरवलं की जरा नीट अभ्यास करायचा. त्या अभ्यासाचा हा रिपोर्ट. व्हायवा रूममेट घेणार आहेच.

आधी नावाबद्दल. मारिस वेर्पाकोव्स्किस. लात्व्हियन फुटबॉलपटूंची नावं वाचली की प्रत्येकाच्या शेवटी 'स' दिसतो : आस्ताफ्येव्स, लाइझान्स, स्टेपानोव्स, पाहार्स. ही हौस नाही, व्याकरण आहे. लात्व्हियन भाषेत पुल्लिंगी नावाला कर्तेपणाचा प्रत्यय लागतो आणि तो बहुतेक वेळा 'स' असतो. परदेशी माणसालाही सुटका नाही, शेक्सपियरचा तिथे 'शेक्सपीर्स' होतो. आपल्या रामः, देवः मधला विसर्ग आठवा, नातं तेच आहे. देवाला ते 'दिएव्स' म्हणतात आणि पुरुषाला 'वीर्स'. संस्कृतमध्ये मला जेमतेम मार्क पडायचे, पण हे वाचून बरं वाटलं.

आता देश. लात्व्हिया १९९१ मध्ये सोव्हिएत युनियनमधून पुन्हा स्वतंत्र झाला. २००४ च्या सुमारास लोकसंख्या साधारण २३ लाख, म्हणजे तेव्हाच्या पुणे शहरापेक्षाही कमी. त्यातही लोकांचं खरं प्रेम आइस हॉकीवर. हिवाळा इतका कडक की फुटबॉलची लीग वसंतात सुरू होऊन बर्फाच्या आत संपवावी लागते. लीगमध्ये चुरस म्हणाल तर रिगा शहराच्या स्कोंटो क्लबने १९९१ ते २००४ अशी सलग १४ विजेतेपदं घेतली. राष्ट्रीय संघाचा कोच अलेक्झांडर्स स्टार्कोव्स हाच स्कोंटोचाही कोच होता. हा मुद्दा अधोरेखित करून ठेवा, पुढे लागणार आहे.

वेर्पाकोव्स्किसचा जन्म १५ ऑक्टोबर १९७९ चा, लिएपाया या बाल्टिक किनाऱ्यावरच्या बंदराच्या गावातला. तिथे वारा इतका की गावाला वाऱ्याचं जन्मस्थान म्हणतात. वडीलही फुटबॉल खेळलेले. सुरुवात गावच्या क्लबात, मग २००१ मध्ये स्कोंटो. उंची, ताकद यांत विशेष काही नाही. एकच गोष्ट विशेष होती : वेग, आणि तो कधी वापरायचा याची अक्कल.

आता थोडं मेकॅनिक्स. (घाबरू नका, फर्स्ट इयरचंच आहे.) ऑफसाइडचा नियम सांगतो की पास पायातून सुटण्याच्या क्षणी तुम्ही प्रतिस्पर्ध्याच्या अर्ध्या मैदानात, चेंडूच्या आणि शेवटून दुसऱ्या बचावपटूच्या पुढे असता कामा नये. चेंडू तुमच्यापर्यंत पोचतो तेव्हा तुम्ही कुठे आहात याच्याशी नियमाला घेणंदेणं नाही. सगळी गंमत या दोन क्षणांच्या मधल्या वेळात आहे. समजा स्ट्रायकर बचावफळीला समांतर तिरका पळतोय आणि पास सुटण्याच्या क्षणी पुढे वळताना त्याचा वेग सेकंदाला ५ मीटर आहे. बचावपटू उभा आहे. दोघांचं त्वरण सारखंच, ४ धरू. एका सेकंदात स्ट्रायकर ५ अधिक २ म्हणजे ७ मीटर जाईल, बचावपटू फक्त २ मीटर. अंतर ५ मीटर! आणि त्या बिचाऱ्याला आधी मागे वळायचंही आहे, ते मी धरलेलंच नाही. म्हणजे स्ट्रायकर बचावपटूपेक्षा जास्त वेगवान असायलाच हवा असं नाही. तो आधी सुटायला हवा, बस्स.

पण या गणिताला एक अट आहे. बचावपटूच्या पाठीमागे जागा हवी. तो आपल्या गोलपासून ४० मीटर पुढे आला असेल तर त्या ५ मीटरला सोन्याचा भाव. तो पेनल्टी बॉक्सच्या रेषेवरच ठाण मांडून बसला असेल तर मागे उरतात जेमतेम १६ मीटर, तेही गोलकीपरच्या ताब्यात. तिथे लांब पास टाकला की तो थेट कीपरच्या हातात. गणित बरोबर आणि उत्तर शून्य.

स्टार्कोव्सच्या लात्व्हियाने हे पुरेपूर ओळखलं होतं. चेंडू समोरच्याला देऊन टाकायचा, आपण दहा जण मागे दाटीवाटीने उभं राहायचं, समोरचा संघ निवांत होऊन वर सरकला की चेंडू हिसकायचा आणि पहिलाच पास पुढे. पुढे कोण, तर वेर्पाकोव्स्किस. बहुतेक खेळाडू स्कोंटोत एकत्र खेळलेले, कोच तोच, त्यामुळे चेंडू कधी सुटणार हे त्याला पासरच्या खांद्यावरून कळत असावं असं क्लिप्स बघून वाटतं.

याचा रिझल्ट काय आला बघा. युरो २००४ च्या पात्रता फेरीत गटात स्वीडन, पोलंड, हंगेरी आणि सान मारिनो. सप्टेंबर २००३ मध्ये रिगात हंगेरीला ३-१ हरवलं, त्यात याचे दोन गोल. ११ ऑक्टोबर २००३ ला स्वीडनला त्यांच्याच घरी १-०, गोल याचाच. स्वीडन १७ गुण, लात्व्हिया १६, गटात दुसरा नंबर. मग प्लेऑफ कोणाशी, तर तुर्कस्तानशी, जो २००२ च्या वर्ल्ड कपमध्ये तिसरा आला होता. रिगातली मॅच १-० जिंकली, गोल पुन्हा याचा. १९ नोव्हेंबरला इस्तंबूलमध्ये तुर्कस्तानने दोन गोल मारले आणि सगळं संपल्यासारखं झालं. तेवढ्यात लाइझान्सने फ्री किकवर एक फेडला. आता तुर्कस्तानला गोल हवाच होता, म्हणजे वर यावंच लागणार होतं. आणि वर आलं की मागे काय राहतं? जागा. ७० मिनिटं उलटून गेल्यावर एक लांब चेंडू आणि वेर्पाकोव्स्किस एकटा सुटला. २-२. एकूण ३-२. बाल्टिक देशांपैकी कोणीतरी युरोच्या मुख्य स्पर्धेत पोचण्याची ती पहिली वेळ. त्यानंतर लात्व्हिया स्वतःसुद्धा पुन्हा पोचलेला नाही.

पोर्तुगालमध्ये १५ जून २००४ ला चेकविरुद्ध तो गोल झाला, डावीकडून प्रोहोरेन्कोव्सने आत दिलेल्या चेंडूवर. शेवटी बारोश आणि हाइन्झने गोल करून मॅच २-१ ने नेली. चार दिवसांनी पोर्टोमध्ये जर्मनीशी ०-०. या मॅचमध्ये तो मैदानाच्या मध्यापासून एकटा पळत सुटतो ती धाव जरूर बघा, शेवटी समोर ऑलिव्हर कान होता म्हणून वाचले. उत्तरार्धात त्याला बॉक्समध्ये पाडलं होतं आणि पेनल्टी द्यायला हवी होती असं मला वाटतं, रूममेटलाही वाटतं. आठ दिवसांतलं आमचं एकमेव एकमत. नेदरलँड्सने मग ३-० हरवलं आणि मंडळी एक गुण घेऊन घरी गेली.

आता रूममेटचा आरोप. २००४ च्या सुरुवातीलाच, म्हणजे युरोच्या आधी, तो युक्रेनच्या डायनामो कीव्हमध्ये गेला होता. मोठा क्लब, मोठा पैसा, चॅम्पियन्स लीग. पण डायनामो म्हणजे युक्रेनच्या लीगमधला पहिल्या-दुसऱ्या नंबरचा धनी. छोट्या क्लबांनी त्यांच्यासमोर काय करायचं? तेच, जे लात्व्हिया जर्मनीसमोर करत होता! दहा जण मागे, बॉक्सच्या तोंडाशी भिंत. म्हणजे ज्या माणसाला चाळीस मीटर मोकळी जमीन हवी होती, त्याला आठवडेच्या आठवडे अशा टीम्सशी खेळावं लागलं ज्यांनी ती जमीन कुलपात ठेवली होती. तिथे गर्दीत पाठ देऊन चेंडू धरणारा, हेडर मारणारा, एकदोन टचमध्ये खेळणारा स्ट्रायकर लागतो. मशीन तेच होतं, लोड बदलला.

याचा पुरावा? ३ नोव्हेंबर २००४, चॅम्पियन्स लीग, कीव्ह. समोर रेआल माद्रिद, झिदान-फिगो-राउलच्या जमान्यातला. हा संघ मागे बसणार नाही, त्यांची तशी सवयच नाही. २३ व्या मिनिटाला वेर्पाकोव्स्किसने गोल मारून डायनामोला २-० पुढे नेलं. राउल आणि फिगोने बरोबरी साधली ते सोडा. मुद्दा असा की जागा मिळाल्यावर तो तोच होता. एका मॅचवरून काहीच सिद्ध होत नाही हे मला मान्य आहे, आमच्या लॅबमध्ये एका रीडिंगवर ग्राफ काढला तर जर्नल परत मिळतं. पण राष्ट्रीय संघाची रीडिंग्जही त्याच बाजूची आहेत. २००९ मध्ये अथेन्सला ग्रीसने लात्व्हियाला ५-२ झोडपलं, तर लात्व्हियाचे दोन्ही गोल याचे. करिअरभर एकूण १०४ सामने आणि २९ गोल.

लोन म्हणजे काय हेही सांगून टाकते, कारण त्या शब्दानेच रूममेटचा घोटाळा झाला होता. क्लबचा खेळाडूशी करार असतो. खेळवायचं नसेल पण विकायचंही नसेल, किंवा ठीक भाव येत नसेल, तर काही महिन्यांसाठी त्याला दुसरीकडे खेळायला पाठवतात. नोंद मूळ क्लबच्या नावावर, पगार कोणी किती द्यायचा ते ठरवून. २००७ मध्ये तो स्पेनच्या खेताफेकडे असा गेला, मग क्रोएशियाचा हायदुक स्प्लिट, मग पुन्हा स्पेन, सेल्टा व्हिगो. प्रत्येक ठिकाणी नवी भाषा, नवा कोच, नवे पासर. आणि ज्याची सगळी कला दुसऱ्याच्या पायातून चेंडू कधी सुटतो ते ओळखण्यात आहे, त्याला ओळख व्हायच्या आतच बॅग भरावी लागणं हे किती वाईट! हेडर मारणाऱ्या उंच स्ट्रायकरला इतकं नडत नाही, क्रॉस कुठल्याही देशात वरूनच येतो.

तुलनेसाठी आधीच्या पिढीतला मारियान्स पाहार्स घ्या. तोही स्कोंटोचा, तोही छोटा आणि चपळ. मार्च १९९९ मध्ये इंग्लंडच्या साउदम्प्टनने त्याला घेतलं आणि तो प्रीमियर लीगमध्ये खेळणारा पहिला लात्व्हियन झाला. सीझनच्या शेवटच्या दिवशी एव्हर्टनविरुद्ध २-०, दोन्ही गोल त्याचे, क्लब खालच्या लीगमध्ये जाण्यापासून वाचला. पुढच्या सीझनमध्ये ओल्ड ट्रॅफर्डवर यॅप स्टामच्या पायांमधून चेंडू काढून गोल. साउदम्प्टन हा तळाशी झगडणारा क्लब होता, समोरचे त्यांच्यावर चालून यायचे, म्हणजे मागे जागा मिळायची. त्याला योग्य क्लब मिळाला. पण मग दुखापती सुरू झाल्या आणि पुढची वर्षं त्यात गेली. त्याला जागा मिळाली, शरीराने साथ दिली नाही. २००४ च्या युरोत तो बदली खेळाडू म्हणून उतरला.

वैयक्तिक कारण सांगते म्हटलं होतं. इंटर-हॉस्टेलमध्ये आमची टीम सगळ्यात कच्ची, दिवसभर डिफेन्स करायचो, आणि मी तीन मॅचमध्ये चार गोल मारले. त्या जोरावर कॉलेजच्या मुलींच्या टीममध्ये घेतलं. तिथे आमचा संघ तगडा, समोरच्या मुली गोलपुढे गोळा होऊन उभ्या. पाच मॅच, शून्य गोल. सहाव्या मॅचपासून मी पाण्याच्या बाटल्या सांभाळते. रूममेटने "फेल केस" म्हटलं तेव्हा ते मला का झोंबलं हे आता कळलं असेल. सध्या संध्याकाळी मी भिंतीकडे पाठ करून चेंडू धरायची प्रॅक्टिस करते आणि ती मागून ढकलते. जोरात ढकलते. वेर्पाकोव्स्किसने हे शिकायला हवं होतं की कोणीतरी त्याला पळायला जागा द्यायला हवी होती, यावर आमचं अजून ठरलेलं नाही. मला वाटतं, चोविसाव्या वर्षी कीव्हला जाताना त्याला निम्मं तरी शिकता आलं असतं. तिचं म्हणणं, घोड्याला नांगराला जुंपणाऱ्याची चूक. म्हणजे बघा, आठ दिवसांत आम्ही बाजू बदलल्या.

लोननंतर तो क्रीट बेटावरच्या एर्गोटेलिसमध्ये रमला, लहान क्लब, पुन्हा मागे राहून खेळणारा. मग अझरबैजानचा बाकू. तिकडे त्याच्या गावी २०१३ मध्ये लिएपायाचा पोलाद कारखाना दिवाळखोरीत गेला आणि त्याच्या जिवावर चालणारा मेटालुर्ग्स क्लब बुडाला. २०१४ मध्ये त्या जागी एफके लिएपाया नावाचा नवा क्लब उभा राहिला, आणि त्याच्या अध्यक्षपदी आला गावचाच मारिस वेर्पाकोव्स्किस. पुढच्याच वर्षी, २०१५ मध्ये, त्या क्लबने लात्व्हियाची लीग जिंकली.