दुसरें मत

विक्रोळीच्या एखाद्या वर्गांत सहलीसाठीं तीन स्थळांस पसंतीचे क्रम द्यावयाचे असले, कीं एक मोह होतो: प्रतिस्पर्धी स्थळ मनांतून दुसरें आवडत असलें, तरी त्यास मुद्दाम शेवटचा क्रम द्यावा. दोन्ही गटांनीं असें केलें, तर कोणासच न आवडणारें तिसरें स्थळ पुढें येऊं शकतें.

ह्याच मोहाची कसोटी १९५४ सालीं भंडारा येथील लोकसभेच्या पोटनिवडणुकींत लागली. जागा दोन होत्या, त्यांपैकीं एक अनुसूचित जातींकरितां राखीव. प्रत्येक मतदारास दोन मतें असत. तीं निरनिराळ्या उमेदवारांस द्यावयाचीं. डॉ. बाबासाहेब आंबेडकर राखीव जागेसाठीं उभे होते. प्रजासमाजवादी पक्षाचे अशोक मेहता त्यांचे सहकारी होते. राखीव जागा भरल्यावर उरलेल्यांत ज्यास अधिक मतें, तो निवडून येई. म्हणून अनुयायांतून सूचना आली, ‘दुसरें मत कुजवावें’. म्हणजे मेहता मागें पडून बाबासाहेब निवडून येतील. १९५२ सालीं मुंबईंत पराभव झाल्यावर मतें कुजविण्याच्या प्रचाराविरुद्ध बाबासाहेबांनीं स्वतः दाद मागितली होती. त्यांनीं ही सूचना नाकारली. मेहता विजयी झाले, बाबासाहेब पराभूत झाले.

दुहेरी मतदारसंघ १९६१ च्या कायद्यानें बंद झाले. मोह मात्र उरला. तीन वा अधिक पर्याय असतां, निर्णय एकाच्याच हातीं दिल्यावांचून, अशा डावांस पूर्णपणें रोखणारी मतदानपद्धति असूं शकत नाहीं, हें ॲलन गिबर्ड यांनीं १९७३ सालीं सिद्ध केलें. जेथें नियम संपतो, तेथें मतदाराचें शील उपयोगी पडतें. पालकहो, हा धडा घरांतील लहानसहान निर्णयांपासूनच मुलांस द्यावा.