घडीची सायकल आणि लांबचा पल्ला

यंदाच्या मेळाव्यासाठी आपले काही माजी विद्यार्थी भुसावळपर्यंत रेल्वेने येऊन तेथून फैजपूर-सावद्यामार्गे घडीच्या सायकलींवर रावेर गाठणार आहेत, असे समजले. आनंद झाला, तशी धास्तीही वाटली. काही वर्षांपूर्वी सावद्याच्या पुढे माझ्याच घडीच्या सायकलीचा सांगाडा बिजागरीजवळ तडकला होता. मागून केळीचा ट्रक येत होता. पायाखाली काहीतरी लचकल्यासारखे जाणवताच मी रस्त्याकडेला उतरलो, एवढेच.

इतिहासाच्या शिक्षकाने यंत्रावर का लिहावे, असे कोणी विचारील. परंतु या वाहनालाही इतिहास आहे. फ्रेंच सैन्यातील कॅप्टन जेरार यांनी १८९० च्या दशकात सैनिकाला पाठीवर वाहून नेता येईल अशी घडीची सायकल पुढे आणली. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनच्या बीएसए कारखान्याने हवाई छत्रीधारी सैनिकांसाठी तशाच सायकली घडविल्या. त्यांच्या सांगाड्यात वळणदार नळ्यांची जोडी होती आणि बिजागऱ्या हाताने पिळता येणाऱ्या नटांनी आवळल्या जात.

साध्या सायकलीचा सांगाडा त्रिकोणांचा असतो. त्रिकोणात भार नळीच्या लांबीच्या दिशेने ताण किंवा दाब होऊन विभागला जातो. आजच्या बहुतेक घडीच्या सायकलींत मात्र हँडल आणि बैठक यांना जोडणारी एकच जाड नळी असते. ती प्रत्येक खड्ड्यात वाकू पाहते, आणि नेमकी मधोमध ती कापून तेथे बिजागरी बसवलेली असते. शिवाय चाके लहान असल्याने ती खड्ड्यात अधिक खोल शिरतात. केळीच्या वाहतुकीने खचलेल्या आपल्या रस्त्यांवर हे हादरे मोजण्यापलीकडचे आहेत.

येथे धातूचा विचार करावा लागतो. ॲल्युमिनियम हलके खरे, परंतु लहान-लहान हादऱ्यांनीही ते हळूहळू थकत जाते. जोडाच्या कडेला केसाएवढी भेग पडते आणि ती वाढत राहते. ठरावीक मर्यादेखालचे हादरे पोलाद दीर्घकाळ सोसते. माझी सायकल ॲल्युमिनियमची होती. गावातील वेल्डिंगवाल्याने ती हातात घेऊन परत दिली. तो म्हणाला, "सर, डाग देईन, पण भरवसा देणार नाही." त्याचे बरोबर होते: उष्णतेने जोडाजवळचे ॲल्युमिनियम मऊ पडते आणि कारखान्यातील प्रक्रियेशिवाय त्याची ताकद परतत नाही.

मुंबईचे आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा १९२३ साली निघून १९२८ साली सायकलीवर जगप्रदक्षिणा पूर्ण करून परतले. त्यांच्या सायकली घडीच्या नव्हत्या. घडीची सायकल दूर जाऊ शकत नाही असा याचा अर्थ नव्हे. पुष्कळ लोक तिच्यावर लांबचे प्रवास करतात. परंतु तिच्या बिजागरीकडे रोज पाहावे लागते.

तेव्हा निघण्याआधी बिजागरीभोवतीची धूळ ओल्या फडक्याने पुसा. रंगावर रेघ दिसली तर ती ओरखडा आहे की भेग, हे नखाने चाचपून पाहा. कुलूप मिटल्यावर पुढचा ब्रेक दाबून सायकल मागेपुढे हलवा. खटखट जाणवली, तर कुलूप कारागिराकडून आवळून घ्या. वाटेत नवी करकर सुरू झाली, तर थांबा. पाठीवरच्या पिशवीत वजन फार नको. भेग दिसलीच, तर सायकल घडी करून सरळ बसमध्ये टाका आणि बसने या. मेळाव्यात कोणी हसणार नाही.