क्षयरोग्याचे ताट आणि सरकारी मदत

क्षयरोगाचे औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळते, हे आता बहुतेकांना ठाऊक आहे. बेडका तपासून घ्यावा, रोग निघाल्यास निदान सहा महिने नियमाने गोळ्या घ्याव्यात. बहुतेक रोगी बरे होतात. परंतु ज्या पोटात गोळी जाते त्या पोटात अन्न किती जाते, हा प्रश्नही औषधाइतकाच महत्त्वाचा आहे. म्हणून गरिबाला मिळणाऱ्या मदतीचा विचार आरोग्याच्या सदरातही करावा लागतो.

रोग आणि भूक

क्षयाचे जंतू अनेकांच्या शरीरात सुप्त असतात. अन्न कमी पडून शरीर खंगले की ते डोके वर काढतात. रोग जडला की भूक मरते, वजन उतरते, मजुरी बुडते. पापळ, मंगरूळ चव्हाळा किंवा धानोरा गुरवचा शेतमजूर सोयाबीनच्या सोंगणीत किंवा कापूस वेचणीत अंथरुणाला खिळला, तर त्या घराची वर्षाची कमाईच जाते. मग ताट आणखी रिकामे होते आणि घरातल्या दुसऱ्या माणसाला रोग धरतो.

हे चक्र अन्नाने तुटते काय? झारखंडातील चार जिल्ह्यांत 2019 ते 2022 या काळात डॉ. अनुराग भार्गव, डॉ. माधवी भार्गव व त्यांच्या सहकाऱ्यांनी हे तपासून पाहिले. काही रोग्यांच्या घरातील प्रत्येक माणसाला महिन्याला 5 किलो तांदूळ, दीड किलो डाळ व जीवनसत्त्वांच्या गोळ्या देण्यात आल्या. ज्या घरांत हे दिले नाही त्यांच्या तुलनेत या घरांत नव्याने क्षय होण्याचे प्रमाण 39 टक्क्यांनी कमी आढळले. डाळ-तांदूळ हे येथे औषधासारखेच उपयोगी पडले.

आपल्याकडे प्राधान्य गटाच्या रेशनकार्डावर माणशी महिन्याला 5 किलो धान्य मिळते. म्हणजे दिवसाला सुमारे 165 ग्रॅम. कष्टकऱ्याच्या उष्मांकाच्या गरजेच्या चौथ्या हिश्शाहूनही कमी. डाळ व तेल या हक्कात नाही. तूर पिकवणाऱ्या वऱ्हाडात तूर निंदणाऱ्या मजुराच्याच ताटात वरण नसावे, ही खेदाची गोष्ट आहे.

दोन योजना, दोन न्याय

क्षयरोग्यासाठी एप्रिल 2018 पासून निक्षय पोषण योजना आहे. आधी महिना 500 रुपये मिळत; नोव्हेंबर 2024 पासून ही रक्कम 1,000 झाली. येथे उत्पन्नाचा दाखला लागत नाही. रोग हाच दाखला.

दुसरी संजय गांधी निराधार योजना. विधवा, दिव्यांग यांच्याबरोबरच क्षय, कर्करोग, कुष्ठरोग अशा आजारांमुळे कमावू न शकणाऱ्या माणसासाठीही ती आहे. जुलै 2023 पासून तिची मदत महिना 1,500 रुपये झाली. मात्र त्यासाठी दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव हवे, नाहीतर सबंध कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न 21,000 रुपयांच्या आत हवे, अशी अट होती. 2025-26 साली रोजगार हमीची मजुरी दिवसाला 312 रुपये होती. रोग्याच्या पत्नीने वर्षात 68 दिवस काम केले, तरी ही मर्यादा ओलांडली जाते! खरे सांगणारा वगळला जातो, अशी ही अट. उलट 2024 साली लाडकी बहीण योजना आली तेव्हा तेवढ्याच 1,500 रुपयांसाठी कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख ठेवण्यात आली. त्या भगिनींना मिळाले याबद्दल कोणी कुरकूर करू नये. पण अंथरुणावरच्या माणसाला अधिक कठोर माप का, हा प्रश्न राहतोच.

शिवाय वेळेचा प्रश्न आहे. निराधार योजनेचा अर्ज तहसीलमध्ये जातो, मग समितीच्या बैठकीत मंजूर होतो. उपचार सहा महिन्यांचा. बैठकच लांबली तर पैसा रोग संपल्यावर येतो, किंवा रोगी संपल्यावर. उशिरा आलेली मदत आजाऱ्याच्या उपयोगाची नाही.

आपण काय करावे?

1. दोन आठवड्यांहून अधिक खोकला, संध्याकाळचा ताप, वजनात घट असल्यास ग्रामीण रुग्णालयात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात बेडका तपासावा.

2. उपचार सुरू होताच बँक खात्याचा तपशील द्यावा आणि निक्षय नोंदणी झाली का, हे आशाताईंना विचारावे. निराधारचा अर्जही लगेच करून पोच घ्यावी.

3. दर महिन्याला वजन करावे. पहिल्या दोन महिन्यांत वजन 5 टक्क्यांनी वाढलेल्या रोग्यांत मृत्यूचा धोका सुमारे 60 टक्क्यांनी कमी असल्याचे झारखंडात दिसले. 40 किलोच्या माणसाने 2 किलो वाढायला हवे. वाढत नसेल तर डॉक्टरांना सांगावे.

4. ज्वारीची भाकर, तुरीचे वरण, फुटाणे, शेंगदाणे, जमेल तेव्हा अंडे किंवा दूध घ्यावे. महाग टॉनिकवर पैसा घालवू नये. खर्रा, बिडी व दारू बंद करावी.

5. घरातील सर्वांची तपासणी करून घ्यावी. रोग नसला तरी प्रतिबंधक गोळ्यांविषयी विचारावे.

6. उलट्या झाल्या किंवा डोळे पिवळे दिसले तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. मनाने औषध सोडू नये.

गावात एखाद्या घरी क्षयरोगी असेल तर ग्रामपंचायतीने व शेजाऱ्यांनी त्याच्या अर्जाची चौकशी करावी, आणि पैसा येईपर्यंत पायलीभर तूर त्या घरी पोचवावी. जेवणाच्या भांड्यांतून हा रोग पसरत नाही. तेव्हा त्या घरी जाण्यास भिऊ नये.