मधमाशीच्या उदरांतील मित्र

पाथर्डीच्या शिवारांत बियाण्यासाठीं राखलेल्या कांद्याचे गोंडे फुलले म्हणजे त्यांवर मधमाशा गुंजारव करूं लागतात. त्यांच्या येण्यावर कांद्याचें बीं भरणें पुष्कळसें अवलंबून असतें.

ह्या माशीच्या आतड्यांत थोड्याच जातींचे उपकारक जंतु राहतात. परागाचें पचन व रोगाचा प्रतिकार ह्या कामीं ते तिला साहाय्य करितात. कोषांतून बाहेर पडतांना तिचें आतडें जवळजवळ जंतुरहित असतें. हे मित्र तिला पोळ्यांतील भगिनींकडून लाभतात.

परंतु कोळ्यांच्या वर्गांतील 'वरोआ' नामक परजीवी कीड माशीच्या अंगास चिकटून तिच्या शरीरांतील मेद शोषिते व विषाणु पसरविते. ती आतड्यांत शिरत नाहीं. तथापि तिनें ग्रासलेल्या माशांच्या आतड्यांतील जंतूंचें प्रमाण पालटलेलें अभ्यासकांस आढळलें आहे.

आपली सातेरी माशी ह्या किडीची जुनी यजमान होय. सातेरींच्या पोळ्यांत ही कीड बहुधा नरांच्याच कोषांत वाढते. पाश्चात्य मेलिफेरा जातींत मात्र कामकरी माशांच्या अळ्याहि तिच्या भक्ष्यस्थानीं पडतात.

म्हणून पेटी पाळणाऱ्यानें केवळ मध न मोजतां अळ्यांचीं घरेंहि वेळोवेळीं तपासावीं. पुण्यास १९६२ सालीं स्थापन झालेल्या केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्थेचें कार्य ह्याच विद्येस वाहिलेलें आहे.