चाकरमान्यांवर प्रकल्प लिहिणाऱ्या भाचीला

पोरी, ‘आपल्या वाडीतले चाकरमानी’ हा विषय घेतलास, झकास केलंस. स्वतः विचारून, मोजून आणलेलं ते प्राथमिक संशोधन. दुसऱ्याने गोळा करून ठेवलेलं ते दुय्यम. तुला दोन्ही लागणार. तेव्हा मोबाइल ठेव बाजूला आणि आत्याचं ऐक.

१. आधी नगर वाचनालयात बस, मग वाडीत फिर — वाचून गेलेल्याला माणसं सांगतात, न वाचता गेलेल्याला चहा पाजून वाटेला लावतात.

२. जनगणनेचे आकडे आधी उतरव : रत्नागिरी जिल्ह्यात २००१ साली १६,९६,७७७ माणसं, २०११ साली १६,१५,०६९, आणि हजार पुरुषांमागे ११२२ बायका — आकडा किती ते सांगतो, का ते दार ठोठावल्यावरच कळतं.

३. घरटी माणसं गणपतीत मोजू नकोस — तेव्हा अर्धी मुंबई आपल्या ओटीवर असते, आणि २०११ ची मोजणी झाली होती फेब्रुवारीत. तुझा आकडा त्याच्याशी जुळायचा कसा? चाकरमान्यांशी बोलायला मात्र तेच दिवस बरे, फक्त आरतीची वेळ सोड.

४. म्हाताऱ्यांना साल विचारू नकोस. ‘कोयनेच्या भूकंपाआधी गेलात की नंतर? गिरण्यांचा संप झाला तेव्हा कुठे होतात? कोकण रेल्वे पुरी झाली होती का?’ असं विचार — १९६७, १९८२, १९९८ ही सालं मग तूच लाव.

५. बायकांशी वेगळी बोल, पडवीत, काम चालू असताना — मुंबईहून पैसे किती यायचे आणि कुठल्या महिन्यात यायचे नाहीत, हे त्यांना पाठ असतं.

६. ट्रंकेत मनिऑर्डरचं कुपन सापडलं तर विचारून तिथेच फोटो काढ, मूळ कागद घरी आणू नकोस — त्यावरच्या दोन ओळी त्या घराचा ठेवा आहेत.

७. ऐकलेलं निळ्या शाईने, वाचलेलं काळ्या. नाव, तारीख, पान नंबर तिथल्या तिथे — उद्यावर टाकलेली नोंद परवा कुणाचीच नसते.

८. आपल्या जिल्ह्याचं १८८० चं सरकारी गॅझेटिअर चाळशील तेव्हा ध्यानात ठेव : त्या काळच्या शेतीची माहिती घेतलीस तर ते दुय्यम, पण गोऱ्या अधिकाऱ्यांना कोकणी माणूस कसा दिसला असा विषय असेल तर तेच प्राथमिक — ठरतं ते तुझ्या प्रश्नावर.

९. जमा करण्याआधी ज्याचं त्याला पान वाचून दाखव — नाव द्यायला कुणाची हरकत असेल, तर ती तेव्हाच कळू दे.