पोटातल्या बाळाच्या फुप्फुसांसाठी आईला इंजेक्शन

सातव्या-आठव्या महिन्यातच कळा सुरू होतात आणि डॉक्टर म्हणतात, "स्टेरॉइडचं इंजेक्शन द्यावं लागेल." हा शब्द ऐकला की घरचे धास्तावतात. बाळाला अपाय होईल का, नंतर दिलं तर चालणार नाही का, असे प्रश्न येतात. विचारा जरूर, पण इंजेक्शन अडवू नका.

फुप्फुसातल्या हवेच्या बारीक पिशव्या श्वास सोडल्यावर मिटून चिकटू नयेत, म्हणून त्यांना आतून सर्फॅक्टंट नावाच्या द्रव्याचा पातळ थर असतो. कमी दिवसांच्या बाळात तो पुरेसा तयार झालेला नसतो. प्रत्येक श्वासासाठी बाळाला झगडावं लागतं, बरगड्या आत ओढल्या जातात, बाळ कण्हतं. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष केनेडी यांचा मुलगा पॅट्रिक १९६३ मध्ये याच आजाराने दोन दिवसांच्या आत गेला. तेव्हा उपायच नव्हता. न्यूझीलंडचे संशोधक लिगिन्स यांना मेंढ्यांवरच्या प्रयोगात दिसलं, की स्टेरॉइड मिळालेली अपुऱ्या दिवसांची कोकरं श्वास घेऊ शकतात. मग त्यांनी आणि त्यांचे सहकारी हॉवी यांनी गर्भवतींवर अभ्यास केला. तो १९७२ मध्ये प्रसिद्ध झाला.

आपल्याकडे २४ ते ३४ आठवड्यांत बाळंतपण लवकर होण्याची चिन्हं दिसली, तर आईला डेक्सामेथासोन देतात: ६ मिलिग्रॅम, दर १२ तासांनी, चार वेळा. औषध अगदी स्वस्त आहे. वारेतून ते बाळापर्यंत पोहोचतं. पूर्ण परिणामाला साधारण एक दिवस लागतो, तरी बाळंतपण जवळ आलंय म्हणून पहिला डोस टाळायचा नसतो. मधुमेह असलेल्या आईची साखर काही दिवस वाढते, तेवढी सांभाळावी लागते.

मात्र दिवस नक्की माहीत हवेत. गरज नसताना दिलेलं स्टेरॉइड निरुपद्रवी नसतं. म्हणून पहिल्या तीन महिन्यांतली सोनोग्राफी चुकवू नका, तिचा कागद जपून ठेवा.

जन्मानंतर बाळाला स्टेरॉइड देणं ही वेगळी गोष्ट. पहिल्याच आठवड्यात दिलेल्या डेक्सामेथासोनमुळे सेरेब्रल पाल्सीचा (मेंदूच्या इजेमुळे हालचालींवर होणाऱ्या कायमच्या परिणामाचा) धोका वाढतो, हे सिद्ध झालंय. त्यामुळे व्हेंटिलेटर सुटत नसलेल्या मोजक्याच बाळांना, तेही नंतर आणि कमी मात्रेत, ते देतात. तुमच्या बाळाला का देताहेत, हे डॉक्टरांकडून नीट समजून घ्या.

दिवस भरण्याआधी कळा आल्या, पाणी गेलं किंवा अंगावरून रक्त गेलं, तर सकाळची वाट पाहू नका. मोठं रुग्णालय लांब असेल तर आधी जवळचं उपकेंद्र गाठा. तिथल्या नर्सताईंनाही पहिला डोस देऊन पुढे पाठवण्याची परवानगी आहे.